जावयाची चाकं

जावयानं सासऱ्याला काही द्यावं, अशी पद्धत आमच्याकडे नाही. उलट दिशेची वाहतूक मात्र अखंड चालू असते. अंगठी द्या, सफारीचं कापड द्या, मोटारसायकल द्या, आणि एवढं देऊन झाल्यावर तो जेवायला बसला की मटणाच्या रश्शातले चांगले तुकडे त्याच्या ताटात आणि उरलेली हाडं आपल्या. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या पिढीनं तेहतीस कोटी देवांना एका झटक्यात निरोप दिला, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण चौतिसावा तेवढा दाराआड लपून राहिला असावा. तो अजून मोटारसायकलवरून येतो, ‘जय भीम’ म्हणतो आणि पाटावर बसतो.

त्यामुळे माझ्या भाचीच्या, म्हणजे दादाच्याच मुलीच्या, नवऱ्यानं लग्नानंतर काही महिन्यांनी माझ्या दादाच्या पिकअपसाठी अलॉयची चार चाकं टायरसकट भेट म्हणून आणली, तेव्हा घरात आनंदाआधी घबराट पसरली. जावयाकडून वस्तू घ्यायची कशी, घेतली तर ठेवायची कुठं, परत काय द्यायचं, कुणालाच माहीत नव्हतं. वहिनीनं काहीच सुचेना म्हणून खीर केली.

मुलगा तसा सोन्यासारखा आहे. जुन्या हायवेला लोधिवलीजवळ त्याचं गाड्यांना सजवायच्या सामानाचं दुकान आहे. सीटकव्हर, हॉर्न, रंग बदलणारे दिवे आणि अलॉय. त्याला दोष एकच, तो अतिशय सभ्य आहे. आमच्या घरात ताट वाढलं आणि भाजीत मीठच नसलं, तरी हा दोनदा मागून घेईल. माझा दादाही तसलाच. दोघं दारात भेटले की ‘तुमी आधी’, ‘नाय, तुमी आधी’ करत उंबऱ्यावर इतका वेळ घालवतात की आत चहा गार होतो.

दादाचा धंदा स्लॅबचा आहे. घर दुसरा कुणी बांधतो, सेंट्रिंग तिसरा ठोकतो, आणि स्लॅबच्या दिवशी दादा काँक्रीट कालवायचा मिक्सर पिकअपच्या मागच्या आकड्याला जोडून हजर होतो. ह्या मिक्सरला स्वतःची दोन चाकं असतात, पण त्याचा दांडा गाडीच्या शेपटीवर बसलेला असतो, आणि तो तिथं पाहुण्यासारखा हलका बसत नाही. हौद्यात डिझेलचा कॅन, काँक्रीट दाबून बसवायचा व्हायब्रेटर, घमेली, फावडी, आणि ह्या सगळ्याला धरून उभी राहिलेली दादाची माणसं. कर्जतच्या आसपास हल्ली डोंगराकडे तोंड करून बंगला बांधायची साथ आली आहे. ज्यांना मुंबईत खिडकी उघडायला वेळ नाही, ते इथं चारी बाजूंनी गॅलऱ्या काढतात. दादाला त्यामुळे कामाची ददात नाही.

तर चाकं. चकचकीत होती, यात वाद नाही. पाकळ्या पाकळ्यांची, मधे काळी, कडेला चांदीसारखी. दादानं ती त्याच दिवशी बसवून घेतली आणि पिकअपभोवती असा फिरला, जणू लग्न त्याचंच ठरलंय. मालवाहू गाडीला ती चाकं म्हणजे नांगरट करणाऱ्याला पेटंट लेदरचे बूट, पण हे बोलायचं नव्हतं. शेजारी बघून गेले. वहिनीची बहीण फोटो काढून घेऊन गेली.

मी चष्मा लावून खाली वाकले. माझी सगळी नोकरी खालापुरातल्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. ट्रक आत येताना तोलायचा, बाहेर जाताना तोलायचा, आणि ड्रायव्हरच्या थापा दोन्ही वेळा ऐकायच्या. अशी बाई वस्तू सुंदर आहे म्हणून गप्प बसत नाही. पाकळीच्या मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेतानं, ह्या एका चाकावर जास्तीत जास्त किती भार चालेल ते कोरलेलं होतं: सहाशे नव्वद किलो.

“दादा,” मी म्हणाले, “ही जीपला, फिरायच्या गाडीला ठीक. तुझ्या कामाला नाहीत चालायची.”

दादा गणितात हुशार. निदान त्याचा तसा समज आहे. त्यानं तिथल्या तिथं हिशोब मांडला. “चाकं किती? चार. सहाशे नव्वद चोक किती? दोन हजार सातशे साठ. गाडी भरून किती? सव्वीसशेच्या आतबाहेर. उलट शिल्लक ऱ्हातंय, बाय!”

मी ओट्यावरचं बाकडं त्याच्यापुढं ओढलं. चार पायांचं बाकडं. वहिनीला म्हटलं, मधोमध बस. बसली. मग म्हटलं, आता अगदी टोकाला सरक. ती सरकली तसे पलीकडचे दोन पाय उचलायला लागले आणि वहिनी किंचाळली. “आता सांग,” मी दादाला विचारलं, “हिचं वजन चार पायांवर आहे का दोन पायांवर?”

“तू माझ्या बायकोला पाडायला बघतीस,” दादा म्हणाला, आणि शास्त्रीय चर्चा संपली.

मी हट्टी आहे. पुढच्याच आठवड्यात तो भरल्या गाडीनं, मिक्सर जोडून चौकच्या बाजूला कामाला निघाला होता, तेव्हा मी शेजारी बसले आणि वाटेतल्या एका काट्यावर गाडी घ्यायला लावली. आधी पुढची चाकं चढवली, मग फक्त मागची. मागच्या दोन चाकांवर मिळून अठराशेच्या वर आलं. म्हणजे एकेका मागच्या चाकावर नऊशेहून जास्त, आणि ते गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटली की किती, ते काट्याला विचारायची सोय नाही. आपल्याकडचे खड्डे पाहता चाकं बनवणाऱ्यांनी खरं तर तो आकडा आणखी कमी कोरायला हवा होता.

दादानं काट्यावरची वजनाची चिठ्ठी दोनदा वाचली. त्याला कळलं होतं. मला त्याचा चेहरा पाठ आहे, लहानपणापासून. पण कळणं आणि वागणं यांच्यामध्ये आमच्याकडे जावई उभा असतो.

“मग काय करू?” तो म्हणाला. “पोरीच्या घरी फोन लावून सांगू, तुमचं चाक फालतू हाय? त्यानं एवढ्या मायेनं दिलंय. उद्या माझ्या पोरीला घरात काय ऐकून घ्यावं लागंल?”

“आणि चाक तुटलं तर तुझ्या पोरीला काय ऐकावं लागेल?”

“तू वाईटच बोलतीस कायम.”

मला राग आला. नुसता राग नाही, भीती वाटली. ह्या रस्त्यांवरून तो रोज जातो, उतार असतात, वळणं असतात, आणि मागं आठ-दहा माणसं नुसती कठड्याला धरून उभी असतात. दादा संध्याकाळी धडधाकट घरी येणं, एवढंच मला हवं होतं. चाकांची शोभा गेली खड्ड्यात.

शेवटी तोडगा काढला वहिनीनं. तोडगा असा होता, की पंचशील घेतलेल्या माणसांना शोभू नये. कामाला जाताना जुन्या लोखंडी डिस्कची चाकं लावायची, आणि जावई येणार असला की ती काढून अलॉय चढवायची. जावई परत गेला की पुन्हा लोखंडी. म्हणजे चाकंही खूश, जावईही खूश, आणि मुसावाद वेरमणीचं, म्हणजे खोटं न बोलायच्या शीलाचं, काय ते आपण वंदनेला बसल्यावर बघू.

हे वर्षभर चाललं. अक्षरशः वर्षभर. जावयाचा फोन आला की दादा हातातलं काम टाकून आमच्या कशेळ्याच्या तिठ्यावर पंक्चरवाल्याकडे पळायचा. पंक्चरवाल्याला सवय झाली. अलॉय त्याच्याच टपरीत पोत्याखाली झाकून ठेवलेली असत. गाडी थांबताच तो जॅक घेऊन उठायचा आणि विचारायचा, “पावणं कवा येतायत?” पुढं पुढं तर सगळ्या कशेळ्याला कळायला लागलं. पिकअपला पाकळ्यांची चाकं दिसली की कोंबडीवाला आपणहून वहिनीला हाक मारायचा, “वैनी, किती काढून ठेवू?” शेअर जीपवाले तिठ्यावरून ओरडायचे, “जावई आलं वाटतं!” गुप्त ठेवायची गोष्ट गुप्त राहिली ती फक्त जावयापासून.

तो बिचारा दर खेपेला चाकांजवळ उभा राहायचा आणि म्हणायचा, “मामा, किती जपता हो! वर्ष झालं, एक ओरखडा नाय.”

“तुमी दिलीत, मग जपणार नाय का?” दादा म्हणायचा. आणि पुढच्या खेपेला जावई चाकांना लावायचं पॉलिश घेऊन यायचा. आमच्या फडताळात त्या पॉलिशच्या इतक्या बाटल्या झाल्या, की वहिनीनं एका बाटलीनं कपाटाचं हँडल पुसून पाहिलं. छान निघालं.

मग तो शनिवार आला. जावई आणि भाची दुपारी येऊन संध्याकाळी परत जाणार, असा फोन होता. दादानं नेहमीप्रमाणे चाकं बदलली. दुसऱ्या दिवशी कर्जतजवळच्या कोंडाणे गावाकडे एका बंगल्याचा स्लॅब होता. सगळं ठरलेलं, सेंट्रिंग तयार, खडी-रेती येऊन पडलेली, माणसांना सांगून झालेलं. जावई गेला की रात्रीतून लोखंडी चढवायची, असा बेत. पण जेवताना जावई म्हणाला, “मामा, आज राहतो. उद्या तुमच्यासंगं येतो. स्लॅब कसा टाकतात, कधी बघितलाच नाय.”

दादाचा घास हातात राहिला. मग तो म्हणाला, “या की! आनंदच हाय!”

मी स्वयंपाकघरात त्याला गाठलं. “आता सांग त्याला.”

“एक दिवसाचा तर प्रश्न हाय. हळू चालवतो.”

“एका दिवसात मोडत नाही का चाक?”

“हळू बोल गं, ऐकू जाईल!”

ऐकू जावं म्हणूनच मी बोलत होते. बाहेर येऊन सरळ सुरुवात केली, “जावईबापू, त्या तुमच्या चाकांवर जो भार लिहिलाय ना...”

“आत्याला रंग लय आवडला चाकांचा,” दादा मधेच मोठ्यानं म्हणाला.

जावयानं माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. त्यानंही काहीतरी बोलायला तोंड उघडलं. “मामा, त्या चाकांचं मी पण सांगणार होतो, की...” पण तेवढ्यात वहिनीनं त्याच्या ताटात भाकरी आणि रश्शाची पळी अशा वेगानं घातली, की पुढचे शब्द त्याला गिळावे लागले. वहिनीला वाटलं, तो आणखी काही भेट द्यायचं बोलतोय. आमच्याकडे आपत्ती टाळायची ती अशी.

सकाळी गाडी निघताना मी बोनेटपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, निदान माणसं तरी हौद्यात घेऊ नकोस. दादानं केबिनमधून हात जोडले. खरोखर हात जोडले, जावयाच्या देखत. जावयाला ते काय वाटलं कोण जाणे, त्यानंही मला हात जोडले. मग दोघं नमस्कार करत निघून गेले, आणि मागनं तो मिक्सर हेलकावे खात गेला. डाव्या बाजूचं मागचं चाक उन्हात झगमगत होतं.

स्लॅबच्या दिवशी माणसांचं जेवण आमच्याच घरातून जातं. भाची म्हणाली, “आत्या, डबे घेऊन आपणच जाऊ स्कूटरवर.” तेव्हा आम्ही दोघी थोड्याच वेळानं निघालो. दादा खरंच हळू चालवत होता. कर्जत सोडून कोंडाण्याच्या रस्त्याला लागलो, तर गाडी पुढं दिसायला लागली. मी मागं डब्यांची पिशवी मांडीवर धरून बसलेली, आणि डोळे त्या चाकावर.

“असं काय बघतीस गं?” भाचीनं आरशातून विचारलं.

तिला मी सगळं सांगितलं. आकडा, काट्यावरची चिठ्ठी, पंक्चरवाल्याच्या टपरीतलं पोतं, आणि दादा तिच्या सासरच्या मानापायी गप्प का. स्कूटरचा वेग कमी झाला.

“आत्या,” ती म्हणाली, “ह्यांना ठाव हाय.”

“काय ठाव आहे?”

“ती चाकं नुसती दिखाव्याची हायेत म्हणून. दिली त्याच रात्री म्हनले, पप्पांनी कामाला लावू नये, फक्त लग्नाबिग्नाला, कुठं जायचं असंल तर. म्हनलं, मग सांगा की पप्पांना. तर म्हनतात, एवढ्या हौसेनं लगेच बसवून घेतली, आता सासऱ्याला कसं सांगू, माझी भेट तुमच्या कामाची नाय? सारखं येतात ते त्यापायीच. चाकं बघायला येतात, आत्या. तडा गेलाय का, ते बघायला.”

वर्षभर एक माणूस जावई येणार म्हणून चाकं चढवत होता, आणि दुसरा ती चढवलेली दिसतात म्हणून काळजीनं येत होता. येऊन बघावं, तर चाक नवं कोरं. मग त्याला वाटायचं, सासऱ्याची गाडी हलकीच चालते, उगीच बोलून मन कशाला दुखवा. एवढं सौजन्य दोन माणसांत मावत नव्हतं, ते गाडीतल्या सगळ्यांवर सांडलं होतं.

“हॉर्न मार,” मी म्हणाले. “पुढं घे स्कूटर. थांबव त्यांना.”

भाचीनं हॉर्न दाबून धरला. हौद्यातली माणसं मागं वळली, आम्हाला ओळखलं आणि हात हलवायला लागली. एकानं डब्याची खूण करून पोटावर हात फिरवला. मी हातवारे करत होते, थांबा, थांबा, आणि ते हसत होते. दादाला आरशात आम्ही दिसलो असणार. त्याला वाटलं, पोरीला घाई आहे. त्यानं बाजू देण्यासाठी गाडी डावीकडे घेतली. मायाळू बाप. डावीकडे रस्त्याची कड तुटलेली होती.

आवाज मोठा नव्हता. खापर फुटावं तसा आला. पाकळ्या तुटल्या, गाडी मागनं एकदम खाली बसली, आणि मिक्सरच्या रेट्यानं फिरत जाऊन भाताच्या खाचराच्या बांधाला टेकली. मिक्सर वाकड्या दांड्यावर आडवा उभा राहिला. माणसं काही उड्या मारून बाहेर पडली, काही पडली. धुरळा उडाला. भाची ओरडली नाही, पण तिच्या हातून स्कूटर सुटली आणि डबे रस्त्यावर गेले. मी पळाले. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना न शोभेल असं पळाले.

केबिनचं दार उघडून आधी जावई उतरला, मग त्याच दारानं दादा. दादाच्या कपाळाला खोक पडली होती. हौद्यातल्या एकाचा हात मनगटात मोडला होता, बाकीच्यांना खरचटलं होतं. चाक रस्त्याच्या मधोमध पडलं होतं, अर्धं, आतली बाजू वर करून. आकडा दिसत होता. दोघांनीही तो पाहिला. आणि मग, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना, पण दोघांनी बोलायला सुरुवात केली.

“रस्ता लय खराब हाय,” दादा म्हणाला.

“तर काय मामा,” जावई म्हणाला. “कडच तुटलेली. कुठलंबी चाक ऱ्हायलं नसतं.”

“चाकाचा काय दोष नाय.”

“तुमच्या चालवण्याचा बी नाय, मामा.”

तेवढ्यात बंगल्याच्या मालकाचा फोन वाजायला लागला. मुंबईहून निघून तो जागेवर येऊन पोचला होता, त्याला नारळ फोडायचा होता. कुणी उचलला नाही.

भाची चालत आली. तिनं आधी बापाच्या कपाळावरचं रक्त ओढणीनं पुसलं. मग नवऱ्याच्या अंगाखांद्यावरून हात फिरवून पाहिला, कुठं लागलंय का. आणि मग ती दोघांच्या मध्ये उभी राहून इतक्या मोठ्यानं बोलली, की बांधावर बसलेली माणसंही उठून उभी राहिली.

“रस्त्याला कशाला बोलता? पप्पा, तुमाला ठाव होतं. आन् तुमाला बी ठाव होतं. दोघंबी जाणून एका चाकावर बसलात आन् एकमेकाला बोलला नाय. माझ्यापायी! माझा मान, म्हनं! मला कुणी विचारलं होतं का, मान पायजे का बाप पायजे? मान पायजे का नवरा पायजे? दोघं एकदम गेला असता, मग मान घेऊन मी काय केलं असतं?”

तिचा आवाज फाटला. जावयाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो दादाकडे न बघता म्हणाला, “मामा, ती चाकं वजनाला नव्हती. पहिल्या दिवसापास्नं मला माहीत होतं.”

“मला बी,” दादा म्हणाला.

एवढी तीन वाक्यं. वर्षभर ती कुणाच्या घशाबाहेर आली नव्हती. आता सगळ्यांदेखत आली. मी वर्षभर तयार ठेवलेलं भाषण माझ्याजवळ होतं, बाकडं, काटा, चिठ्ठी, सगळं क्रमवार. त्यातलं एक अक्षर मला बोलावंसं वाटलं नाही. मी दादाला बांधावर बसवलं, कुणीतरी बाटली दिली, ती त्याच्या तोंडाला लावली. पाणी अर्धं त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

“हौद्यातली समदी हायेत का गं?” त्यानं मला विचारलं.

“आहेत,” मी म्हणाले. “एकाचा हात मोडलाय. सगळे आहेत.”

त्यानं मान हलवली. मग थोड्या वेळानं माझा हात घट्ट धरून त्यानं पुन्हा तेच विचारलं.